सातशे मीटरमध्ये सव्वीस वेळा पायउतार

गेल्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका शनिवारी, नाशिकमध्ये आमची आई नेहमीप्रमाणे मारुतीला तेल घालून भाजीबाजाराकडे निघाली आणि घरापासून जेमतेम दीडशे मीटरवर पडली. तिचे वय चौऱ्याहत्तर, पण प्रकृती ठणठणीत. तीस-पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत उभे राहून शिकवलेली बाई. तिचा पाय घसरला नव्हता की तिला चक्कर आली नव्हती. फुटपाथवरचा एक पेव्हर ब्लॉक शेजारच्या ब्लॉकपेक्षा दोन बोटे वर आला होता आणि चपलेचे टोक त्याच्या कडेला अडकले. पडताना तिने उजवा हात पुढे टेकवला आणि मनगटाचे हाड मोडले. समोरच्या इस्त्रीच्या टपरीवरच्या दादांनी तिला उचलून स्टुलावर बसवले, पाणी दिले आणि मला फोन केला. मी धावत पोचले तेव्हा ती मोडलेला हात मांडीवर धरून बसली होती आणि मला पाहताच पहिले वाक्य बोलली, ते असे : "अगं, चूक माझीच. खाली बघून चालायला हवं होतं."

त्या वाक्याने मला त्या दिवशी रडू आले आणि पुढे कित्येक दिवस ते मनातून गेले नाही. ज्याच्या पायाखालची वाट नीट नाही, त्यानेच खाली मान घालून चालावे, आणि तरीही पडला तर स्वतःलाच दोष द्यावा, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की आईसारख्या शिकल्यासवरलेल्या बाईलाही त्यात काही वावगे वाटत नाही. खाली बघून चालणाऱ्या माणसाला समोरून येणारी दुचाकी दिसत नाही, मागे घेतली जाणारी मोटार दिसत नाही, डोक्याच्या उंचीवर लोंबणारी फ्लेक्सची तार दिसत नाही. पदपथाचे पहिले काम हेच असते की त्यावर चालणाऱ्याला मान वर करून चालता यावे.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. आई पुन्हा बाजारात जाऊ लागली, पण फुटपाथवरून नाही. डांबरी रस्त्याच्या कडेने, वाहनांच्या बाजूला. मी रागावले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "रस्ता तरी सपाट आहे." त्यानंतर मी आमच्या रस्त्यावर येणारी-जाणारी माणसे लक्ष देऊन पाहू लागले. डबे पोचवणाऱ्या मावशी, क्लासला निघालेली मुले, बाळाची ढकलगाडी घेतलेली सून, हातात काठी असलेले निवृत्त साहेब, सगळेच रस्त्यावरून चालत होते आणि बाजूला फुटपाथ रिकामा होता. माणसांना फुटपाथवर चालण्याची शिस्त नाही, असे आपण सहज म्हणून टाकतो. मला ते आता पटत नाही. माणसे पायाने विचार करतात आणि त्यांना सर्वांत कमी त्रासाची वाट अचूक कळते.

मग एका रविवारी मी शिलाईच्या डब्यातली टेप, एक वही आणि पेन घेऊन घरापासून भाजीबाजारापर्यंतचा फुटपाथ मोजायला निघाले. अंतर सुमारे सातशे मीटर. एकच नियम ठरवला होता : फुटपाथवरूनच चालायचे आणि खाली उतरावे लागले की वहीत रेघ मारायची. बाजाराशी पोचले तेव्हा वहीत सव्वीस रेघा होत्या. त्यांतल्या सतरा सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या फाटकांमुळे आणि तीन आडव्या गल्ल्यांमुळे. दोन ठिकाणी विजेची डीपी, म्हणजे वीज वाटपाची पत्र्याची पेटी, फुटपाथ पूर्ण अडवून उभी होती, एका ठिकाणी निंबाच्या बुंध्याला धरून केलेला पार होता, एका ठिकाणी चेंबरचा ढापा तुटून त्यात कोणीतरी सावधगिरी म्हणून झाडाची फांदी खोचली होती. राहिलेल्या दोन रेघा उभ्या केलेल्या मोटारींच्या. म्हणजे सरासरी सत्तावीस मीटरला एकदा उतरणे आणि एकदा चढणे. घरात एवढ्या पायऱ्या असत्या तर आईला आम्ही तळमजल्यावर खोली करून दिली असती.

उंचीही मोजली. एका ठिकाणी कर्बचा, म्हणजे फुटपाथच्या कडेचा, दगड रस्त्यापासून २८ सेंटिमीटर वर होता, तर त्याच ओळीत पुढे ११, त्यापुढे जवळजवळ शून्य. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आहेत; २०१२ साली सुधारून आलेल्या त्या तत्त्वांनुसार पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, म्हणजे घरातल्या जिन्याच्या एका साध्या पायरीएवढी. निवासी भागात चालण्यासाठीचा मोकळा पट्टा किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत अडथळामुक्त असावा, बाजारपेठेत ही रुंदी किमान २.५ मीटर असावी, असेही त्यांत सांगितले आहे. १.८ मीटर हा आकडा हवेतून आलेला नाही. समोरासमोर आलेल्या दोन चाकखुर्च्या एकमेकींना न अडता जाव्यात, इतकी ती जागा आहे. आमच्या रस्त्यावर फुटपाथची बांधीव रुंदी बहुतेक ठिकाणी दोन मीटरच्या आसपास भरली. जागा मुळात होती. पण चालायला मिळणारी मोकळी रुंदी विजेचा खांब आणि कुंपणाच्या भिंतीच्या मध्ये एका ठिकाणी फक्त ५५ सेंटिमीटर निघाली. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तर तिथून आडवे होऊन जावे लागते.

उंच कर्ब का बांधले जातात, याचे उत्तर मला रस्त्याच्या कामांवर मुकादम म्हणून राबलेल्या एका काकांनी दिले. दुचाकी वर चढू नयेत म्हणून उंची वाढवली जाते. दुचाकीवाला मात्र फाटकासमोरच्या उतारावरून वर चढतोच. ज्याला चढता येत नाही तो गुडघे दुखणारा म्हातारा माणूस. दुचाकी रोखायच्या असतील तर पदपथाच्या दोन्ही टोकांना ढकलगाडी आणि चाकखुर्ची जाईल एवढे अंतर सोडून लोखंडी खांब रोवावेत, उंची कमीच ठेवावी. उलट प्रकारही जुन्या रस्त्यांवर दिसतो. डांबराच्या थरावर थर चढवत गेल्याने रस्ताच वर येतो, फुटपाथ त्याच्या पातळीला बुडतो आणि पावसाचे पाणी चालणाऱ्यांच्या वाटेवर साचते. जुना थर खरवडून मगच नवा टाकला तर हे टळते.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोठा दोष फाटकांचा आहे, आणि त्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. खांब हलवायला वीज कंपनी लागते, झाडाला तर हातच लावू नये. फाटक मात्र आपल्या प्रत्येकाचे आहे. आमच्याकडची रीत अशी आहे की पदपथ फाटकाशी आला की तो तोडायचा, रस्त्याच्या पातळीला आणायचा, आणि फाटक संपले की पुन्हा वर उचलायचा. काही जण त्यापुढे जाऊन फाटकातून थेट रस्त्यापर्यंत काँक्रीटचा घसरता उतार ओततात. तो उतार चालणाऱ्याच्या दिशेला आडवा पडतो, आणि आडव्या उतारावर एक पाय वर, एक पाय खाली असे तिरके चालणे किती अवघड असते, हे ज्याच्या कमरेला दुखणे आहे त्यालाच कळते. पावसात त्यावर शेवाळ धरते. मोटार दिवसातून चारदा त्या फाटकातून जात असेल. चालणारे दिवसातून चारशे जण त्याच्यासमोरून जात असतील. तरीही मोटारीला सपाट वाट मिळावी म्हणून चारशे जणांनी पायउतार व्हायचे, असा हा हिशेब आहे.

खरे तर पद्धत उलटी हवी. पदपथ फाटकासमोरूनही त्याच पातळीत, त्याच फरशीत, न तुटता पुढे जावा. मोटारीसाठीचा उतार रस्त्याच्या बाजूच्या कडेला, खांब आणि झाडे ज्या पट्ट्यात असतात त्या पट्ट्यात, आखूड द्यावा. मोटारीने चढावे, माणसाने नाही. चढ असल्याने चालक आपोआप वेग कमी करतो आणि आपण दुसऱ्याच्या वाटेवरून जात आहोत, हे त्याला पाटी न लावता कळते. आडव्या छोट्या गल्ल्यांच्या तोंडाशीही हेच करता येते. तिथे पदपथाच्या पातळीला उचललेले क्रॉसिंग बांधले की ते एकाच वेळी गतिरोधकाचेही काम करते. जिथे उतरणे टळतच नाही, तिथे चाकखुर्चीसाठी बारास एक या प्रमाणात उतार द्यावा, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १८० सेंटिमीटर लांबी. हे गणित सातवीतल्या मुलालाही येते. आमच्या रस्त्यावर मी मोजलेल्या उतारांपैकी एकही या प्रमाणाच्या जवळपास नव्हता.

आई जिथे पडली त्या ब्लॉककडे मी अनेकदा जाऊन पाहिले. पेव्हर ब्लॉक हे मुळात वाईट साहित्य नाही. खाली दाबून घेतलेला खडीचा थर, त्यावर तीनेक सेंटिमीटर वाळू, त्यावर ब्लॉक, सांध्यांत बारीक वाळू आणि कडेला घट्ट बसवलेला कर्ब, असे काम असेल तर ते ब्लॉक एकमेकांना धरून राहतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. पण उन्हाळ्यात कुठलीशी वाहिनी टाकण्यासाठी तिथे चर खोदला गेला होता. चर भरताना माती थराथराने ठोकली गेली नाही. सुटी माती ढकलून वर तेच ब्लॉक मांडले गेले. पहिल्या दोन पावसांत माती बसली, चराच्या वरचे ब्लॉक खचले आणि काठावरचा न खचलेला ब्लॉक दोन बोटे उघडा पडला. म्हणजे ब्लॉक वर आलाच नव्हता, त्याच्या शेजारचे खाली गेले होते. धुम्मसने अर्धा तास नीट ठोकले असते तर आईचे मनगट शाबूत राहिले असते. म्हणून मला वाटते की नव्या पदपथाच्या उद्घाटनापेक्षा खोदलेला पदपथ पूर्ववत कसा केला, याची तपासणी जास्त महत्त्वाची आहे, आणि ती पहिल्या पावसानंतर व्हायला हवी, आधी नाही.

पदपथ संपतो तिथे रस्ता ओलांडणे सुरू होते. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून सिग्नलची वेळ काढण्याचा प्रघात आहे. आमच्या चौकातला रस्ता साधारण १५ मीटर आहे. त्या हिशेबाने साडेबारा सेकंद पुरतात. आईसोबत मी घड्याळ लावून तो ओलांडला तेव्हा आम्हाला १९ सेकंद लागले, कारण तिचा वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास आहे. त्या साडेसहा सेकंदांच्या फरकात ती दुभाजकाच्या पलीकडे, दोन बसगाड्यांच्या समोर उभी असते. दुभाजकात उभे राहायला मोकळी, सपाट जागा ठेवली तर तिला रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येईल. पण तिथे जाळी आणि शोभेची झुडपे आहेत आणि माणसांसाठी फक्त एक तुटलेली फट. शिवाय डावीकडे वळणारी वाहने सिग्नल असो वा नसो सतत वाहत असतात, त्यामुळे पादचाऱ्याला खऱ्या अर्थाने मोकळा क्षण मिळतच नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे चालकाने ब्रेकवर पाय ठेवण्याआधीच ती पूर्ण रस्त्याच्या रुंदीएवढे अंतर कापते. हाच वेग ३० असेल तर ते अंतर आठ मीटरवर येते, आणि धडक बसलीच तरी माणूस दगावण्याची शक्यता कित्येक पटींनी कमी होते. झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे हे चालकावर नियमाने बंधनकारक आहे. पण पट्टेच पुसले गेले असतील तर कोणाला काय सांगणार?

पदपथ अडवण्याचा विषय निघाला की बोट सर्वांत आधी हातगाडीवाल्यांकडे जाते. मी वहीत पाहिले तर सव्वीसपैकी एकही रेघ त्यांच्यामुळे नव्हती. भाजीवाल्या आजी कोपऱ्यावर भिंतीला टेकून बसतात आणि त्यांच्यासमोर दीड मीटर वाट मोकळी असते. शिवाय संध्याकाळी त्या तिथे असतात म्हणून त्या कोपऱ्यावरून मुलींना एकट्याने जायला भीती वाटत नाही. जागा अडवतात त्या उभ्या केलेल्या मोटारी आणि दुकानांच्या बाहेर आलेल्या पायऱ्या, जाहिरातींचे फलक आणि जनरेटर. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समितीची तरतूद आहे आणि समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच असावेत असे म्हटले आहे. जागा आखून दिली तर विक्री आणि चालणे दोन्ही होऊ शकते. मोटार मात्र दिवसभर तिथेच उभी असते आणि कोणाच्या काही उपयोगी पडत नाही.

नाशिकमध्ये नीट पदपथ कसा वाटतो हे अनुभवायचे असेल तर अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा सुमारे १.१ किलोमीटरचा रस्ता आहे, जो स्मार्ट सिटी योजनेत पथदर्शी म्हणून नव्याने बांधला गेला. ते काम चालू असताना व्यापाऱ्यांना आणि नागरिकांना पुष्कळ त्रास झाला, त्यावर टीकाही झाली. पण रुंद पदपथाला स्वतंत्र जागा देता येते, हे आपल्याच शहराने तिथे करून पाहिले आहे. पुण्याच्या महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि तिथे ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. आपल्याकडे मेन रोडला किंवा भद्रकालीत वर्षातून एक दिवस असे करून पाहिले तर दुकानदारांनाही स्वतःच्या डोळ्यांनी गर्दी मोजता येईल. बसने जाणारा प्रत्येक माणूसही दोनदा पादचारी असतो. २०२१ च्या जुलैपासून शहरात सिटीलिंकची बससेवा सुरू आहे, आणि थांब्यापर्यंत चालत जाण्याची वाट धड नसेल तर चांगली बसही अर्ध्या लोकांच्या उपयोगाची राहत नाही.

हा प्रश्न आईच्या मनगटापुरता नाही, हे मला आकडे पाहिल्यावर कळले. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला नव्वद. पायी चालणारा मोटारीच्या पत्र्याच्या आत नसतो, त्याच्यापाशी हेल्मेट नसते, त्याने कोणाला धडक दिलेली नसते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पदपथ दिव्यांगांनाही वापरता येतील असे हवेत. हे वाचले तेव्हा मला पिवळ्या खाचेदार फरश्या आठवल्या. त्यांतल्या लांब रेघांच्या फरशीचा अर्थ चालत राहा आणि उंचवट्याच्या ठिपक्यांच्या फरशीचा अर्थ थांब. आमच्या रस्त्यावर रेघांची ओळ सरळ जाऊन डीपीच्या पत्र्याच्या दाराला भिडते. अंध माणसाने पांढऱ्या काठीने त्या रेघांवर विश्वास ठेवला तर तो कुठे पोचेल, हे पाहताना अंगावर काटा येतो.

आणि आपल्या शहराला तर पायी चालणाऱ्यांचा मोठा मान आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीला निघते ती याच गावातून जाते. चैत्रात सप्तशृंगगडाकडे निघालेले पदयात्री रात्रभर रस्त्याच्या कडेने चालतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांची रीघ लागते. सिंहस्थ पुन्हा दाराशी आला आहे. रस्ते रुंद होणार, पूल होणार, आणि येणारे बहुतेक भाविक शेवटचे काही किलोमीटर पायीच चालणार आहेत. २७ ऑगस्ट २००३ ची आठवण नाशिककर विसरलेले नाहीत. त्या दिवशी, तेव्हाच्या सिंहस्थात, रामकुंडाच्या वाटेवरच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. तेव्हा मी पंचवटीत मावशीकडे होते आणि दुपारभर बाहेरून येणारे आवाज ऐकत आम्ही दाराशी उभ्या होतो. रिकाम्या रस्त्यावर अडखळलेल्या माणसाला कोणीतरी उचलते. दाटीत पडलेल्याला मागचा माणूस इच्छा असूनही थांबू शकत नाही. म्हणून सिंहस्थाच्या कामांत घाटाकडे उतरणाऱ्या प्रत्येक गल्लीतला ढापा, प्रत्येक अर्धवट पायरी, प्रत्येक निसटता ब्लॉक आधी पाहिला जावा, असे मला मनापासून वाटते. ते काम मोठ्या रस्त्यांच्या मानाने किरकोळ खर्चाचे आहे.

वहीतल्या सव्वीस रेघांची प्रत मी संबंधित कार्यालयात लेखी अर्जासोबत दिली. दोन महिन्यांत तुटलेला ढापा बदलला गेला आणि आई पडली तिथले ब्लॉक उचलून, खाली खडी ठोकून पुन्हा बसवले गेले. ते काम करणाऱ्या माणसांना मी चहा दिला आणि धुम्मस किती वेळ चालवतात ते उभी राहून पाहिले. बाकीच्या रेघा तशाच होत्या. मग आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी फाटकाचा विषय मांडला. पहिल्यांदा विरोध झाला, मोटारीचा खालचा भाग घासेल अशी शंका निघाली. दुसऱ्या मजल्यावरच्या स्थापत्य अभियंता असलेल्या भाऊंनी कागदावर काटछेद काढून दाखवला, रीतसर परवानगी घेतली, आणि दिवाळीनंतर आमच्या फाटकासमोरचा पदपथ दोन्ही बाजूंच्या पातळीला उचलला गेला. उताराचा अर्धा भाग आम्ही कुंपणाच्या आत घेतला. एकाही मोटारीचा पत्रा घासला नाही. रखवालदार सांगतो की आता बाहेर पडणारे सगळेच चढाशी क्षणभर थांबतात आणि दोन्हीकडे पाहतात.

आई आता आमच्या फाटकापासून शेजारच्या फाटकापर्यंत फुटपाथवरून चालते आणि तिथे पोचली की सवयीने रस्त्यावर उतरते. परवा शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंनी तिला उतरताना पाहिले आणि थांबवून विचारले, "काकू, तुमच्याकडच्या कामाला गवंडी कोण होता?" येत्या रविवारी सकाळी त्यांच्या फाटकाची मापे घ्यायला जायचे ठरले आहे. आईने टेप स्वतःच शोधून माझ्या पिशवीत ठेवली आहे आणि वहीही.